समीक्षकच खोटा निघाला तर: छापलेला वैद्यकीय पेपर मागे कसा घ्यायचा

नाशिकच्या कॉन्फरन्समध्ये दुपारच्या जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक ज्येष्ठ प्राध्यापक उभे होते. एका हातात ताट, दुसऱ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास. मी आमच्या संघटनेच्या त्रैमासिकाची मानद संपादक, त्यामुळे अशा रांगांमध्ये लोकांचे आभार मानत फिरणं हे माझं कामच. म्हटलं, "सर, तो थायरॉइडच्या एफएनएसीवरचा, म्हणजे गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासण्यावरचा पेपर तुम्ही इतका झटपट बघून दिलात, फार मदत झाली."

सर म्हणाले, "कुठला थायरॉइड? तुमच्या जर्नलचा रिव्ह्यू मी कधी केलाच नाही हो."

रिव्ह्यू म्हणजे पेपर छापण्याआधी त्या विषयातल्या जाणकाराने, समीक्षकाने, तो तपासून अभिप्राय देणं. मला वाटलं, विसरले असतील. मोबाइलवर आमची सिस्टीम उघडून दाखवली. नाव त्यांचं, पद त्यांचं, कॉलेज त्यांचं. ईमेल मात्र त्यांचा नव्हता. आडनावापुढे दोन आकडे जोडून कोणीतरी जीमेलवर खातं उघडलं होतं. त्या खात्यावर आमंत्रण गेलं रात्री साडेदहाला आणि अभिप्राय आला पावणेदोनला: "उत्तम अभ्यास, किरकोळ भाषिक दुरुस्त्या करून स्वीकारावा." तो समीक्षक लेखकांनीच सुचवलेला. दुसराही लेखकांनीच सुचवलेला, आणि तोही खोटा निघाला. दोन्ही नावांवर बटण दाबलं होतं मी.

ही जानेवारी २०२३ ची गोष्ट. तो पेपर अधिकृतपणे मागे घेतल्याची सूचना ऑगस्टमध्ये छापली. मधले सात महिने मी जे शिकले ते इथे लिहून ठेवते आहे, कारण आपल्याकडची बहुतेक वैद्यकीय त्रैमासिकं माझ्यासारखीच माणसं चालवतात. सकाळी ओपीडी किंवा लॅब, रात्री जर्नल. मोठ्या प्रकाशकांकडे या कामासाठी अख्खे विभाग असतात. आपल्याकडे एक संपादक, एक अर्धवेळ सहायक आणि वेबसाइट सांभाळणारा एक मुलगा.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की बसू द्या

मी पॅथॉलॉजिस्ट, बरीच वर्षं ब्लड बँकही बघितली, म्हणून उदाहरण तिथलंच देते. समजा, रक्ताच्या पिशवीच्या टॅगवर क्रॉसमॅच, म्हणजे ते पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी, झाल्याची सही आहे, पण नंतर कळलं की क्रॉसमॅच केलंच नव्हतं, सही कोणीतरी ठोकून दिली. ते रक्त कदाचित अगदी जुळणारं असेल. तरी ती पिशवी तुम्ही पेशंटला लावाल का? नाही. परत मागवाल. मागवण्यासाठी रक्त वाईट आहे हे आधी सिद्ध करत बसणार नाही.

खोट्या समीक्षेचा पेपर म्हणजे तशीच पिशवी. मी यातच पहिले दोन महिने घालवले. लेखकांकडे कच्चा डेटा मागितला, स्लाइड्स मागितल्या, आकडे खोटे आहेत का ते तपासत बसले. मुख्य मुद्द्यासाठी त्याची गरज नव्हती. सीओपीई ही प्रकाशन-नीतीची संस्था १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. सगळे तिला 'कोप' म्हणतात. नावावरून रागीट वाटते, पण तिची भाषा फार शांत आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांत पेपर मागे घेण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत हे वेगळं कारण म्हणून नोंदवलेलं आहे: पेपर केवळ बिघडवलेल्या समीक्षेच्या आधारावर छापला गेला असेल तर. त्यातला 'केवळ' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि तीच संस्था हेही सांगते की पेपर मागे घेणं म्हणजे लेखकांना शिक्षा नव्हे, छापील नोंद दुरुस्त करणं आहे. आपण लॅबमध्ये सुधारित रिपोर्ट देतो तसंच. जुना रिपोर्ट फाडत नाही, त्यावर तारीख घालून नवा जोडतो.

संशय आला की त्या दिवशी काय करायचं

लेखकाला फोन करायचा नाही. माझा हात फोनकडे गेला होता, आमच्या माजी संपादकांनी अडवलं. फोन केलात की ती जीमेल खाती दुसऱ्या दिवशी बंद होतात आणि सिस्टीममधले पत्ते बदलले जातात.

त्याऐवजी सिस्टीममधून त्या पेपरची सगळी नोंद उतरवून घ्या: समीक्षक कोणी सुचवला, आमंत्रण कधी गेलं, कधी स्वीकारलं, अभिप्राय कधी आला, खातं कधी उघडलं. लॉगइन कुठल्या आयपी पत्त्यावरून झालं हे काही सिस्टीममध्ये दिसतं, काहींत विक्रेत्याकडे मागावं लागतं. पडद्याचे फोटो तारखेसह ठेवा. सगळं एका फोल्डरमध्ये टाका आणि त्याची प्रत संघटनेच्या सचिवांना द्या, म्हणजे उद्या "संपादकबाईंनी नंतर रचलं" असं कोणी म्हणायला नको.

मग खऱ्या माणसाला गाठा. पत्ता त्याच मॅन्युस्क्रिप्टच्या फाइलमधून घेऊ नका. हे सांगायला नको, पण मी तेच केलं होतं. कॉलेजच्या वेबसाइटवरून घ्या, त्यांच्या जुन्या छापील पेपरवरून घ्या, नाहीतर सरळ विभागाच्या लँडलाइनवर फोन करा. पत्र चार ओळींचं पुरे: "अमुक तारखेला तमुक ईमेलवरून आपल्या नावाने आम्हाला एका पेपरचा अभिप्राय आला आहे. हा ईमेल आपला आहे का? अभिप्राय आपण दिला होता का? कृपया हो किंवा नाही एवढंच कळवावं." पेपरचं नाव आणि लेखकांची नावं त्यात घालू नका, कारण त्यांचं निरपराधित्व अजून शाबूत आहे.

इथे आपल्याकडची एक अडचण आहे. परदेशी सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की संस्थेचा ईमेल नसेल तर सावध व्हा. आपल्याकडे अर्धेअधिक प्राध्यापक जीमेलच वापरतात, कारण कॉलेजचा मेल एक तर नसतो किंवा चालत नाही. त्यामुळे नुसतं जीमेल दिसलं म्हणून कोणावर बोट ठेवू नका. जास्त बोलतो तो वेग. दक्षिण कोरियात औषधी वनस्पतींवर काम करणारे ह्युंग-इन मून यांचं प्रकरण २०१२ मध्ये उघडकीला आलं ते यावरूनच: अभिप्राय चोवीस तासांच्या आत येत होते. ते स्वतःच खोट्या पत्त्यांवरून स्वतःच्या पेपरांची समीक्षा करत होते, आणि खरं वाटावं म्हणून अधूनमधून स्वतःला सुधारणाही सुचवत होते! एकाच प्रकाशकाला त्यांचे २८ पेपर मागे घ्यावे लागले. ज्याने कधी रिव्ह्यूअरच्या मागे लागून काम करवून घेतलंय, त्याला माहीत आहे की खरा समीक्षक चोवीस तासांत फक्त "थोडा वेळ द्या" एवढंच कळवतो.

एक सापडला म्हणजे एकच असेल असं समजू नका

बसून जुनी फाइल चाळा. तोच ईमेल आणखी कुठे आला आहे का? त्याच लेखकांचे दुसरे पेपर कोणते? दोन वेगवेगळ्या 'समीक्षकांच्या' अभिप्रायांत एकच स्पेलिंगची चूक आहे का? मला अशी एक चूक चार पेपरांत सापडली, आणि चारही अभिप्राय मध्यरात्रीनंतरचे.

जगातला अनुभवही हाच आहे. २०१४ मध्ये सेज या प्रकाशकाने कंपनशास्त्रावरच्या एका जर्नलमधले ६० पेपर एकदम मागे घेतले. तैवानमधल्या एका संशोधकाभोवती १३० संशयास्पद खात्यांचं जाळं सापडलं होतं, आणि त्या प्रकरणात तिथल्या शिक्षणमंत्र्यांना पद सोडावं लागलं. मार्च २०१५ मध्ये बायोमेड सेंट्रलने ४३ पेपर मागे घेतले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्प्रिंगरने ६४. एप्रिल २०१७ मध्ये 'ट्युमर बायॉलॉजी' या एकाच जर्नलमधून १०७ पेपर गेले, सगळे २०१२ ते २०१६ मधले, कर्करोगावरचे. त्यावर चीनच्या विज्ञान मंत्रालयाने चौकशी केली आणि ४८६ लेखकांना कमी-अधिक प्रमाणात दोषी ठरवलं. नंतर हिंदावी या प्रकाशकाच्या विशेषांकांमध्ये अतिथी संपादकांचा दरवाजा वापरला गेला, आणि २०२३ या एका वर्षात तिथले आठ हजारांवर पेपर मागे घेतले गेले. तुमच्या जर्नलचा 'विशेषांक' कोणी बाहेरचा उत्साही माणूस फुकट काढून देतो म्हणाला, तर त्याला आधी दोन प्रश्न विचारा.

आता तो 'केवळ'

माझ्या चारांपैकी तीन पेपरांत दोन्ही समीक्षक खोटे होते. तिथे विचार करण्यासारखं काही नव्हतं. चौथ्यात एक खोटा आणि एक खरा, तोही कडक. त्याने दोन वेळा पेपर परत पाठवला होता आणि लेखकांनी खरंच दुरुस्त्या केल्या होत्या. तो मी मागे घेतला नाही. दोन नव्या समीक्षकांना, लेखकांचा संबंध नसलेल्या, तो पाठवला. त्यांनी कच्चा डेटा मागितला, लेखकांनी आठवड्यात दिला, एक टेबल दुरुस्त झालं. आम्ही पेपरखाली नोंद टाकली की एक अभिप्राय अग्राह्य ठरला आणि प्रसिद्धीनंतर नव्याने समीक्षा झाली. कार्यकारिणीतल्या दोघांना हे पटलं नाही. "सगळे एकाच मापाने मोजा," म्हणाले. मी मोजले नाहीत, आणि आजही मला तेच बरोबर वाटतं.

चौकशी लांबणार असेल तर तोवर 'चिंता-सूचना' छापा, म्हणजे इंग्रजीत ज्याला एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न म्हणतात ती. वाचणाऱ्या डॉक्टरला एवढं कळलं पाहिजे की या पेपरवर अजून विसंबू नका. आम्ही ती मार्चमध्ये टाकली. उशिराच टाकली, फेब्रुवारीतच टाकायला हवी होती.

लेखकांना पत्र

फक्त पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला नाही, सगळ्यांना स्वतंत्र लिहा. हे फार महत्त्वाचं आहे. आमच्या पहिल्या पेपरच्या चौथ्या लेखकाला आपलं नाव त्या पेपरवर आहे हेच माहीत नव्हतं! पत्रात आरोप नको, फक्त वस्तुस्थिती आणि प्रश्न: समीक्षकांची नावं कोणी दिली, ईमेल कुठून आले, पेपर जमा करताना बाहेरच्या कोणाची मदत घेतली होती का. उत्तराला ठरावीक मुदत द्या. आम्ही तीन आठवडे दिले.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा हुंदक्यांत येतं. पहिल्या पेपरची मुख्य लेखिका निवासी डॉक्टर होती. भाषा सुधारून देतो, फॉरमॅट करून देतो, जमाही करून देतो असं सांगणाऱ्या एका एजन्सीला तिने पैसे भरले होते. लॉगइन एजन्सीकडे, समीक्षकांची नावं एजन्सीने टाकलेली. तिला फक्त "स्वीकारला" असा मेल मिळाला. २०१५ च्या त्या ४३ पेपरांच्या मागेही अशाच मध्यस्थ कंपन्यांचा हात दिसला होता. तिचं काम कदाचित खरं असेल. तिला मी तेच क्रॉसमॅचचं उदाहरण दिलं आणि सांगितलं की पेपर मागे घेतल्यावर नव्याने, स्वतः, कुठेही पाठव. फक्त हा इतिहास लपवू नकोस. तिच्या गाइडनी मात्र माझ्या तीन मेलना उत्तर दिलं नाही, आणि मग एकदम वकिलाची नोटीस पाठवली.

अब्रूनुकसानीची नोटीस आली तर घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. संघटनेच्या वकिलाला सगळं फोल्डर दाखवा. कोणी केलं ते ठरवण्याचं काम तुमचं नाही, ते लेखकांच्या संस्थेचं. संस्थाप्रमुखांना कागदपत्रांसह लिहा आणि चौकशी त्यांच्यावर सोपवा. त्यांचं उत्तर येईपर्यंत सूचना अडवून धरू नका. समीक्षा झाली नव्हती एवढं तुम्हाला पक्कं माहीत आहे, आणि सूचनेसाठी तेवढं पुरेसं आहे. लेखक सहमत नसले तरी संपादकाला पेपर मागे घेता येतो.

सूचनेचा मजकूर

'फसवणूक', 'बनावट लेखक', 'कारस्थान' हे शब्द वर्ज्य. आमचा मजकूर साधारण असा होता:

"या त्रैमासिकात (वर्ष, खंड, अंक, पृष्ठे) प्रसिद्ध झालेला हा निबंध संपादक मागे घेत आहेत. दोन समीक्षकांच्या नावे आलेले अभिप्राय त्या व्यक्तींनी दिलेले नव्हते, असे प्रसिद्धीनंतरच्या चौकशीत आढळले. निबंध स्वीकारण्याचा निर्णय केवळ या अभिप्रायांवर आधारलेला होता. त्यामुळे निबंधातील निष्कर्षांची योग्य तपासणी झाली आहे असे संपादकांना म्हणता येत नाही. हे अभिप्राय कोणी पाठवले हे संपादकांना निश्चित करता आलेले नाही. पहिल्या व चौथ्या लेखकांनी या निर्णयाशी सहमती कळवली आहे, दुसऱ्या लेखकांनी असहमती. तिसऱ्या लेखकांकडून उत्तर आलेले नाही. समीक्षकांची ओळख पडताळून न पाहिल्याबद्दल संपादक दिलगीर आहेत."

शेवटचं वाक्य माझा हट्ट होता. कोणत्याही नियमात ते बंधनकारक नाही. कार्यकारिणी म्हणाली, कशाला स्वतःवर ओढवून घेता? पण दार उघडं ठेवलं होतं मीच.

प्रत्यक्ष मागे घेणं

मजकूर मंजूर झाला, मी वेबसाइटच्या मुलाला "हा पेपर रिट्रॅक्ट कर" असा मेल टाकला आणि झोपले. सकाळी बघते तर पेपर गायब, पानावर '४०४'. त्याच्या दृष्टीने काम चोख झालं होतं. पण मूळ पेपर काढून टाकायचा नसतो. ज्यांनी तो आधीच उद्धृत केला आहे, त्यांना दुव्यावर गेल्यावर काय झालं ते दिसलं पाहिजे. पेपर तसाच राहतो, डीओआय (पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक) तोच राहतो. शीर्षकाआधी 'रिट्रॅक्टेड' जोडायचं, पीडीएफच्या पहिल्याच नाही तर प्रत्येक पानावर तिरप्या मोठ्या अक्षरांत तोच शिक्का. सूचनेला वेगळा डीओआय, दोन्ही एकमेकांना जोडलेले, आणि जर्नल वर्गणीचं असलं तरी सूचना सगळ्यांना मोफत. छापील अंकात सूचना क्रमांक असलेल्या पानावर यावी आणि अनुक्रमणिकेत तिचं नाव असावं, जाहिरातींच्या मागे चिठ्ठी म्हणून नको. मग डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे पेपरची माहिती (मेटाडेटा) अद्ययावत करायची, आणि तुमचं जर्नल जिथे जिथे सूचीबद्ध आहे तिथे कळवायचं. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत नोंद पुसत नाहीत, तिच्यावर 'मागे घेतलेला' असा ठळक शेरा येतो आणि सूचनेचा दुवा जोडला जातो. रिट्रॅक्शन वॉचच्या मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीत आपली नोंद आली का तेही बघा. ही यादी २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि कोणालाही मोफत पाहता येते. झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्या यादीमुळे आपोआप लाल इशारा दिसतो, निवासी डॉक्टरांना हे जरूर सांगा.

आणखी एक काम बहुतेक जण विसरतात. तो पेपर कोणी उद्धृत केला आहे ते शोधा, आणि कोणी मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात) घेतला असेल तर त्यांना लिहा. याने किती फरक पडतो ते हायड्रॉक्सीएथिल स्टार्च या शिरेतून द्यायच्या सलाइनच्या गोष्टीत दिसलं. तिथला दोष समीक्षेतला नव्हता, जर्मन भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांच्या संशोधनातला होता, पण धडा तोच. २०१३ मध्ये 'जामा' या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या विश्लेषणात बोल्ट यांच्या ७ चाचण्या वगळल्यावर त्या सलाइनने अत्यवस्थ पेशंटमधले मृत्यू वाढतात असं दिसलं. त्या धरल्या तर ते झाकलं जात होतं.

आता आमच्याकडे लेखकांनी सुचवलेली नावं वाचतो, पण आमंत्रण कधीच त्यांनी दिलेल्या ईमेलवर जात नाही. पत्ता आम्ही शोधतो, आणि किमान एक समीक्षक आमच्या यादीतला असतो. याने महिन्याला चारपाच तास जास्त जातात.

नाशिकच्या त्या सरांना मी पुढच्या वर्षी खराखुरा पेपर पाठवला, कॉलेजच्या पत्त्यावर. सात आठवडे आणि तीन आठवणी लागल्या. अभिप्राय आला दोन पानांचा. टेबल दोनमधली बेरीज तीनने चुकली आहे, एवढं शोधून त्यांनी पेपर परत पाठवला.